गाडीआधी रोजचा रस्ता: नाशिकमध्ये फॅमिली कार घेताना

२०२१ साली मी डिझेल गाडी घेतली. कारण एकच, ॲव्हरेज. सकाळी गंगापूर रोडला मुलीला शाळेत सोडायचं, तिथून सातपूरला कामावर, संध्याकाळी परत. एका वेळेला फार तर सात किलोमीटर, त्यात चार सिग्नल. नवव्या महिन्यात डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आठवड्याभरात गाडीचा पिकअप गेला. वर्कशॉपमधल्या पोराने लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "काका, डीपीएफ चोक झालाय, सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची जाळी. गाडी हायवेला काढतच नाही का तुम्ही?"

सातपूरला डिझेल इंजेक्टर बनवणारा, पूर्वी मायको म्हणून ओळखला जाणारा कारखाना आहे. त्याच्यामुळे अख्खं गाव एका चौकाला अजून मायको सर्कल म्हणतं. त्याच भागात रोज जाणारा मी, आणि डिझेल घेताना एवढा साधा प्रश्न मला सुचला नव्हता. शोरूमनेही विचारला नाही, पण त्यांनी का विचारावा?

तेव्हापासून नात्यात कुणी "कोणती गाडी घेऊ?" म्हणून फोन केला की मी उलट विचारतो, "रोज किती आणि कशी चालणार?" लोकांना राग येतो. त्यांना गाडीचं नाव हवं असतं. नाव शेवटी येतं.

पंधरा दिवस वही ठेवा

शोरूमला जायच्या आधी पंधरा दिवस सध्याच्या स्कूटरवर किंवा गाडीवर जो काही प्रवास होतो तो लिहून ठेवा. एकूण किलोमीटर पुरेसे नाहीत, प्रत्येक फेरी वेगळी लिहा. सकाळी थंड इंजिनवर किती किलोमीटर, मध्ये किती वेळ गाडी उभी, परत किती. गावी महिन्यातून किती वेळा, बरोबर कोण, डिकीत काय. आमच्याकडे येताना कांद्याची गोणी असते, म्हणजे सरळ पन्नास किलो.

फेरी वेगळी लिहायची कारण इंजिनला किलोमीटरपेक्षा तापमान कळतं. इंजिनातलं ऑइल पूर्ण तापायला शहरात दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात. त्याआधीच गाडी बंद केली की न जळलेलं थोडं इंधन आणि वाफेचं पाणी ऑइलमध्येच राहतं. सिडकोतून इंदिरानगर असा रोज तीन किलोमीटरचा प्रवास करणारी गाडी जाऊन-येऊन वर्षाला जेमतेम दोन हजार किलोमीटर चालते. मालक अभिमानाने सांगतो, "गाडी वापरलेलीच नाही." इंजिनच्या दृष्टीने तिने सगळ्यात खडतर आयुष्य काढलेलं असतं.

इंधनाचा हिशेब कागदावर

भाव बदलत राहतात, म्हणून आकडे तुमच्या पंपावरचे टाका. हिशेबापुरतं पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१ आणि सीएनजी ९० रुपये किलो धरू. एकाच आकाराच्या गाडीला शहर आणि हायवे मिळून पेट्रोलवर १५, डिझेलवर १९ आणि सीएनजीवर किलोला २२ किलोमीटर मिळतात असं माना. कंपनीचा आकडा धरू नका, तो प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो.

वर्षाला ९,००० किलोमीटर असतील तर पेट्रोलचा खर्च साधारण ६२,४०० रुपये, डिझेलचा ४३,१००, सीएनजीचा ३६,८००. डिझेल गाडी दीड लाखाने महाग असेल तर वर्षाला वाचणाऱ्या १९ हजारांतून ती रक्कम फिटायला जवळपास आठ वर्षं लागतात. वर महाराष्ट्रात डिझेलला पेट्रोलपेक्षा रोड टॅक्स जास्त, आणि सर्व्हिसिंगही महाग. सीएनजी गाडीला ९५ हजार जास्त पडत असतील तर ते पावणेचार वर्षांत वसूल. आता हेच गणित वर्षाला २०,००० किलोमीटरला करा. डिझेल साडेतीन वर्षांत फिटतं. पिंपळगाव किंवा मालेगावला रोज ये-जा करणारा माणूस डिझेल घेतो तेव्हा तो शहाणाच असतो.

डिझेल: जाळीला हवा लागते

एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं आणि जवळजवळ प्रत्येक डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ बसला. ही काजळी धरून ठेवणारी जाळी आहे. काजळी साठली की ती जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी जाळीचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत जावं लागतं. हायवेवर गाडी वेगात पंधरा-वीस मिनिटं सलग चालली की हे काम आपोआप होतं. शहरात इंजिन स्वतःच जास्तीचं डिझेल फवारून जाळी तापवू पाहतं, तेवढ्यात शाळेचं गेट येतं आणि आपण चावी काढतो. पाच-सहा वेळा असं झालं की दिवा लागतो.

अर्धवट राहिलेल्या या प्रयत्नांतलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून डीपीएफवाल्या गाडीची डिपस्टिक महिन्यातून एकदा बघा. ऑइल कमी झालं तर सगळे घाबरतात, पण डिझेल गाडीत ऑइल *वाढलेलं* दिसलं तर जास्त घाबरा. त्यात डिझेल मिसळलंय, ते पातळ झालंय, आणि इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या टर्बोच्या बेअरिंगला तेच पोचतंय. ऑइल लगेच बदलायचं.

दिवा लागला तर काय करायचं? तो लुकलुकत नसेल आणि दुसरा कुठलाही दिवा नसेल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेगाने हायवेवर अर्धा तास चालवून या. मुंबई नाक्यावरून विल्होळीच्या पुढे घोटीपर्यंत जाऊन आलात की बहुतेकदा दिवा जातो. खालचा गिअर ठेवा, इंजिन दोन हजार आरपीएमच्या वर राहू द्या. दिवा गेला नाही तर मात्र घासत बसू नका, वर्कशॉप गाठा. "डीपीएफ काढून टाकू, कायमची कटकट मिटेल" असं सांगणारे मेकॅनिक शहरात सापडतील. ते बेकायदा आहे, पीयूसीत अडकतं आणि वॉरंटी जाते.

काही डिझेल गाड्यांत शिवाय युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. त्याला डीईएफ किंवा ॲडब्लू म्हणतात, त्यात ३२.५ टक्के युरिया असतो. ते संपत आल्याच्या सूचना दुर्लक्षिल्या तर गाडी बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाही.

माझी गाडी मी शेवटी चांदवडच्या मेव्हण्याला दिली. तो रोज हायवेवर असतो. त्याच्याकडे ती उत्तम चालली आहे आणि तो माझ्याकडे जरा दयेने बघतो.

पेट्रोल: साधं की टर्बो

शहरात पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या आणि महिन्यातून एखादी त्र्यंबकची किंवा वणीची चक्कर एवढंच असेल, तर टर्बो नसलेलं पोर्ट इंजेक्शनचं १.२ लिटर पेट्रोल इंजिन हे अजूनही सगळ्यात कमी डोकेदुखीचं. ह्युंदाई ग्रँड आय-१० निऑस आणि होंडा अमेझमध्ये असं चार सिलिंडरचं इंजिन आहे. मारुतीने २०२४ च्या स्विफ्ट आणि डिझायरमध्ये तीन सिलिंडरचं आणलं. तीन सिलिंडर म्हणजे कमी टिकाऊ असं नाही. उभ्या गाडीत जरा थरथर जाणवते, एवढंच.

पोर्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह धुतले जातात. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये जातं. ताकद आणि ॲव्हरेज सुधारतं, पण व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळी धरते आणि काही वर्षांनी ती साफ करावी लागू शकते. ह्युंदाई-कियाचं एक लिटर टर्बो आणि फोक्सवॅगन-स्कोडाचं एक लिटर टीएसआय ही डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं. चालवायला मजा येते, हे नाकारत नाही. पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन कसारा घाट चढताना साधं १.२ इंजिन धापा टाकतं. टर्बोला त्याचं काही वाटत नाही. पण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि तो फक्त ऑइलच्या थरावर तरंगत असतो. जो माणूस सर्व्हिसिंग तीन महिने पुढे ढकलतो त्याने टर्बो घेऊ नये. स्वतःला ओळखून निर्णय घ्या.

शोरूममध्ये एक प्रश्न जरूर विचारा: व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या टायमिंगला चेन आहे की बेल्ट? चेन बहुधा इंजिनाच्या आयुष्यभर चालते, अट एकच, ऑइल वेळेवर. बेल्ट असेल तर किती किलोमीटरला किंवा किती वर्षांनी बदलायचा आणि खर्च किती, हे लेखी घ्या. काही छोट्या टर्बो इंजिनांत बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो. तिथे चुकीचं ऑइल घातलं की बेल्टचे कण सुटतात आणि ऑइल पंपाची जाळी तुंबते. सेल्समनला हे माहीत नसतं. सर्व्हिस ॲडव्हायझरला विचारा.

ई-२० चा प्रश्न हल्ली प्रत्येक जण विचारतो. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पाइप आणि सील वीस टक्के इथेनॉल सोसणारे आहेत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. त्यासाठी गॅरेजला भांडू नका. त्याआधीची जुनी गाडी घेत असाल तर टाकीच्या झाकणावरचा स्टिकर आणि मॅन्युअल बघा, आणि इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिककडून तपासून घ्या. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. गाडी दोन-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका.

सीएनजी आणि इलेक्ट्रिक

सीएनजी घ्यायची तर कंपनी फिटेडच. ६० लिटरच्या टाकीत गॅस आठ-नऊ किलोच मावतो आणि डिकी जाते. टाटाने दोन लहान टाक्या खाली बसवून डिकी बरीच वाचवली, ती कल्पना मला आवडली. टाकीची हायड्रोटेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. ती चुकली तर पंपावर गॅस नाकारू शकतात. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, कारण आतला पंप त्याच पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. आणि तुमच्या वाटेवरच्या पंपावर सकाळी आठला एकदा स्वतः जाऊन रांग मोजा. पैसे वाचतात, वेळ जातो, हा सौदा प्रत्येकाने आपला करावा.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात: स्वतःचं पार्किंग आणि तिथे मीटर असेल, तर रोजच्या छोट्या फेऱ्यांना तिच्याइतकं सोयीचं काही नाही. डीपीएफ, ऑइल, टायमिंग, काहीच नाही. सोसायटी चार्जर लावू देत नसेल तर विषय तिथेच संपला.

आईला शोरूममध्ये न्या

हे गंमत म्हणून सांगत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सीटची उंची सगळ्यात आधी कळते. आमच्या आईने एका दिसायला देखण्या गाडीत बसून उतरताना दार धरून "आई गं" म्हटलं, तिथेच ती गाडी बाद झाली. मागे तिघांना बसवा, मधल्याला पूर्ण खांद्यावरून येणारा पट्टा आहे का बघा. लहान मूल असेल तर चाइल्ड सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत ते हात घालून शोधा.

सुरक्षेसाठी भारत एनकॅप या धडक चाचणीचे स्टार १ ऑक्टोबर २०२३ पासून मिळतात. मोठ्यांचे आणि मुलांचे गुण वेगळे छापलेले असतात, दोन्ही वाचा. जुन्या आणि काही नव्या गाड्यांसाठी ग्लोबल एनकॅपचे निकाल आहेत. टाटा नेक्सॉनला २०१८ मध्ये पाच स्टार मिळाले, नव्या डिझायरला २०२४ मध्ये.

आणि लांबीचा हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी १८ टक्के जीएसटीत येते. त्यापलीकडे ४० टक्के. म्हणून मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत असूनही १.५ लिटर पेट्रोल इंजिनमुळे वरच्या गटात जाते. नाशिकच्या गल्ल्यांत आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खणलेल्या रस्त्यांवर लहान लांबी आणि चांगला ग्राउंड क्लिअरन्स ही जोडी तशीही कामाची.

गिअरबॉक्सचं बोलायचं तर एएमटी, म्हणजे मॅन्युअलच पण क्लच-गिअर मशीन टाकतं ती, स्वस्त, घाटात जरा अडखळणारी. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या प्रकारच्या ऑटोमॅटिक शहरात गुळगुळीत. ड्राय क्लचची डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, द्वारका चौकातल्या सरपटत्या गर्दीत तापते. शंका असेल तर मॅन्युअल घ्या.

टेस्ट ड्राइव्ह

सेल्समन तुम्हाला कॉलेज रोडला एक गोल फेरी मारून आणेल. त्याने काही कळत नाही. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे इंजिन थंड असेल. सुरू करताना आवाज ऐका. मग घरची तीन-चार माणसं बसवून, एसी पूर्ण लावून उड्डाणपुलाचा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये घ्या. उतारावर ब्रेक. खड्ड्यावरून मुद्दाम जा. तुमच्या सोसायटीच्या रॅम्पवर गाडी नेऊन खालून लागते का बघा, आणि पार्किंगमध्ये लावून दार किती उघडतं तेही.

घेतली तर पासिंगच्या आधी फॉर्म २१ वरचा, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावरचा, उत्पादनाचा महिना वाचा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिने यार्डात उभी असलेली गाडी नवीच असते, पण सवलत मागायचा हक्क तुमचा.

जुनी गाडी घेताना

नाशिकमध्ये जुनी गाडी घेताना पहिली शंका पाण्याची. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, दुतोंड्या मारुती बुडाला, आणि पार्किंगमधल्या गाड्याही. सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, चिखलाची रेघ तिथेच राहते. सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात माती आहे का, कार्पेट उचलल्यावर कुबट वास येतो का, हे बघा. पॉलिश तिथे पोचत नाही.

दुसरं, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा ओबीडी स्कॅनर. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर स्वस्तात मिळतो. चुकांचे कोड दिसले तर ठीक, बोलणी करता येतात. पण कोड एकही नाही आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्या "अपूर्ण" दाखवतायत, तर विकणाऱ्याने काल रात्रीच कोड पुसले असण्याची शक्यता मोठी. दोन दिवसांनी परत तपासायला मागा.

एमएच-१५ ची असो की बाहेरची, आरसीवर बँकेचा बोजा, बाकी ई-चलान आणि विमा परिवहनच्या ॲपवर तपासा. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवायला ३५ आणि बँकेची एनओसी. पैसे पूर्ण द्यायच्या आधी हे सगळं हातात हवं.

घेतल्यावर

ऑइल फक्त किलोमीटरवर नाही, तारखेवरही बदला. दहा हजार *किंवा* एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते. माझ्यासारख्या छोट्या फेऱ्यांना मी सहा-आठ महिन्यांत बदलतो. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लिहिलं असेल तर तेच घाला. "आपल्याकडे ऊन जास्त, जाड ऑइल घालू" हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. आताच्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा केसासारख्या बारीक, जाड ऑइल सकाळी तिथे उशिरा पोचतं. निफाडच्या डिसेंबरात तर आणखी उशिरा. डीपीएफवाल्या डिझेलला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, मॅन्युअलमधला ग्रेड अक्षर न अक्षर जुळवा.

रेडिएटरला नळाचं पाणी नको, तयार कुलंटच. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्याने जाणं असेल तर एअर फिल्टर दर पाच हजारांना काढून बघा. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर बॅटरी सारखं सारखं स्टार्ट सोसणाऱ्या ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच. साधी स्वस्त बसवली तर ती लवकर बसते. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबताना टर्बो गाडी मिनिटभर चालू ठेवा. सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय दाबून ठेवणं नाही. आणि सिन्नरजवळून समृद्धीवर चढणार असाल तर टायरची हवा थंड असतानाच भरा. १२० च्या वेगात तासन् तास सिमेंटवर टायर तापतो, जुना टायर तिथे दया दाखवत नाही.

राहिले उंदीर. रो-हाउस, बाजूला मळा, पावसाळ्याचे दिवस, आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. वायरिंग कुरतडलेलं. आधुनिक गाडीत प्रत्येक सेन्सरला बारीक वायर, एक तुटली तरी चेक इंजिनचा दिवा. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, स्प्रे, सगळं करून झालं. मला एकाच गोष्टीचा उपयोग झाला: गाडी सलग चार दिवस एका जागी उभी ठेवायची नाही, आणि रविवारी बॉनेट उघडून आत बघायचं. मेव्हणा म्हणतो, त्याच्या डिझेलमध्ये उंदीर येत नाहीत, ती थंडच होत नाही.